कोरड्या तोंडाचा हिशेब

बेळगाव, एप्रिल अखेर

या दिवसांत तोंडाला कोरड पडली की सगळे उन्हालाच बोल लावतात. अथणी-रायबागकडचं ऊन तसं आहेही. पण कोरड सत्तरीतल्या माणसाची असेल, तर आधी गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतून बघावी.

सीमाभागात ही पिशवी तीन गावांची असते. लघवीच्या घाईसाठी मिरजेहून सॉलिफेनासिन, पायांच्या जळजळीसाठी बेळगावातून अमिट्रिप्टिलिन, पोटात कळ आली म्हणून गावच्या मेडिकलमधली डायसायक्लोमिन, वर सर्दीची क्लोरफेनिरामिन. चिठ्ठ्या वेगळ्या, शिक्के वेगळे, आजार वेगळे. पेशीवरच्या मस्करिनिक रिसेप्टरची, म्हणजे मज्जातंतूचा निरोप घेणाऱ्या जागेची, वाट मात्र चौघीही अडवतात, आणि हे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलिन हे निरोप्या रसायन सुटतं आणि या रिसेप्टरवर बसून निरोप देतं. गोळी तिथे आधीच जाऊन बसते, स्वतः काहीच सांगत नाही. या रिसेप्टरचा एम-३ हा प्रकार अडला की मूत्राशय सैलावतं. ते हवंच असतं. पण तोच एम-३ लाळेच्या ग्रंथीत, आतड्यात आणि डोळ्यातही आहे. म्हणून तोंड कोरडं, शौचाला खडा, जवळचं अंधुक. हृदयातला एम-२ अडला की ठोके वाढतात. घामही आटतो, त्यामुळे उसाच्या फडात काम करणाऱ्याचं अंग नुसतं तापत राहतं. आतलं पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद असलेल्या डोळ्यात काचबिंदूचा झटका येऊ शकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट लघवीची. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबते, मग भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत राहते. घरच्यांना वाटतं, ‘कंट्रोल’ गेला. गोळी वाढवली जाते आणि तुंबणं आणखी वाढतं. लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघितल्याशिवाय डोस वाढवू नये.

मेंदूत शिरणाऱ्या गोळ्यांनी म्हातारा माणूस संध्याकाळी बरळतो, अंथरुणातले नसलेले धागे वेचतो. धोत्र्याच्या बिया खाल्ल्यावर होतं तेच, फक्त हळूहळू. विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल चालू असेल तर एक गोळी असिटिलकोलिन वाढवते, दुसरी त्याला बसू देत नाही. पैसे दोन्हींचे जातात. सगळं एकदम बंद मात्र करू नये. पोटाची आणि सर्दीची गोळी आधी जाऊ द्यावी, बाकीचं डॉक्टरांना पिशवीसकट दाखवून.

हीच कोरड डॉक्टर मुद्दाम आणतात ती ऑरगॅनोफॉस्फरस गटातलं फवारणीचं औषध पोटात गेल्यावर. त्यात असिटिलकोलिन मोडणारं एन्झाइमच बंद पडतं, लाळ वाहते, छाती घरघरते. मोठ्या माणसाला ०.६ मिलिग्रॅमच्या ३ ते ५ ॲम्प्युल ॲट्रोपिन (तेही मस्करिनिकचीच वाट अडवतं) शिरेतून, ५ मिनिटांत फरक नसेल तर दुप्पट. छाती साफ झाली का, काख कोरडी झाली का, हे बघायचं. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मागे लागायचं नाही. ताप, बडबड, पोट फुगणं दिसलं की ॲट्रोपिन जास्त झालं. श्वासाचे लुळे पडलेले स्नायू मात्र त्याने सुधारत नाहीत. तिथला रिसेप्टर निकोटिनिक, निपाणीच्या तंबाखूतल्या निकोटिनला ओळखणारा; त्याच्यासाठी व्हेंटिलेटरच लागतो.