वाल्खेनझेवरचा लहरी वारा

म्युनिकपासून साधारण ७५ किलोमीटर दक्षिणेला, आल्प्सच्या पहिल्याच डोंगररांगेत, वाल्खेनझे हे सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असलेले हे हिरवेनिळे पाणी जवळजवळ १९० मीटर खोल आहे आणि भर उन्हाळ्यातही अंगावर काटा आणते. विंडसर्फिंगसाठी मी इथे अनेक वर्षे येते आहे, पण मागच्या शनिवारइतका चंचल वारा मी क्वचितच अनुभवला.

इथला नेहमीचा वारा उन्हावर चालतो. डोंगरांचे उतार तापले की तिथली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला उत्तरेच्या सखल भागातली हवा केसेलबर्गच्या खिंडीतून सरोवरावर उतरते आणि उत्तर काठावरच्या ऊरफेल्डच्या बाजूने पाणी थरथरू लागते. आकाश निरभ्र असले तर हा वारा दुपारभर बऱ्यापैकी एकसारखा राहतो. त्या दिवशी मात्र वरच्या थरात पश्चिमेचा जोरदार वारा होता, आणि १७३१ मीटर उंचीच्या हेर्त्सोगश्टांडवरून तो खाली कोसळताना अधूनमधून या उत्तरेच्या वाऱ्यात घुसत होता.

काठावर वारा पडलेला असताना मी ६.२ चौरस मीटरचे शीड जोडले, आणि ती चूक ठरली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे मला ठाऊक होते. तरीही दुसऱ्याच झपाट्यात हार्नेसच्या, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याला शिडाशी जोडणाऱ्या, दोरीने मला उचलले आणि बूमवरून, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीवरून, थेट पाण्यात भिरकावले. परत येऊन मी ४.७ चे शीड लावले व त्याचा पोट धरणारा भाग ताणून सपाट केला. अशा वाऱ्यात शीड झपाट्याच्या मापाचे घ्यावे, सरासरीच्या नव्हे, असे माझे ठाम मत आहे. लहान शिडाने वारा पडल्यावर नुसते थांबावे लागते, मोठे शीड मात्र झपाट्यात हाताबाहेर जाते.

त्यानंतरचे दोन तास मी शिडाकडे कमी आणि वाऱ्याच्या बाजूच्या पाण्याकडे जास्त पाहिले. झपाटा येण्याआधी दिसतो: पाण्यावर काळसर, बारीक सुरकुत्यांचा एक पट्टा सरकत येतो आणि त्याची कड फळीला लागण्याआधी दोनतीन श्वासांचा वेळ मिळतो. तेवढ्यात गुडघे वाकवून वजन खाली आणि मागे न्यायचे, मागचा हात क्षणभर सैल सोडायचा, आणि फळी वेग घेऊ लागली की तो हळूहळू जवळ ओढायचा. पट्टा ओलांडून गेला की तितक्याच तत्परतेने अंग फळीवर सरळ आणावे लागते, कारण हार्नेसमधला ताण अचानक नाहीसा होतो आणि माणूस पाठीवर पडतो.

चारच्या सुमारास दक्षिणेला, कारवेंडेलच्या दिशेने, सरीचा ढग दाटला आणि मी पूर्व काठाजवळ असताना वारा पूर्ण पडला. शीड पाण्यावर आडवे ठेवून मी फळीवर बसून राहिले. गडगडाट ऐकू येत नव्हता, तरी काठ गाठण्याची मला ओढ लागली होती. मग ढगाखालची गार हवा दक्षिणेकडून आली, पाणी उलट्या बाजूने काळवंडले, आणि मी वॉटरस्टार्ट घेऊन, म्हणजे पाण्यातूनच शिडाच्या ओढीने फळीवर उभी राहून, निघाले. एरवी परतताना पुढचा हात बदलतो. त्या दिवशी जाताना डावा हात पुढे होता, आणि पश्चिम काठाला पाय टेकेपर्यंत डावाच पुढे राहिला.