पावसाळ्यात बोटीच्या टाकीतलं डिझेल: माझा अनुभव

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोट खाडीत आत नेऊन बांधली की जाळी दुरुस्त होतात, रंगरंगोटी होते, पण टाकीत उरलेल्या डिझेलकडे कुणी बघत नाही. गेल्या वर्षी बंदी उठल्यावर बाहेर गेलो तर इंजिन धापा टाकू लागलं. फिल्टर काढला, आत काळपट बुळबुळीत चोथा.

मिस्त्री म्हणाला, "नाखवा, हे पाण्याचं काम."

टाकी अर्धी रिकामी असली की दमट हवा आत शिरते, रात्री गारवा आला की पत्र्याला पाणी सुटतं आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. पाणी नि डिझेल जिथे टेकतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. त्या घाणीने फिल्टर तुंबतो आणि त्यातल्या आम्लांनी टाकीचा पत्रा आतून गंजतो.

दुकानात औषधाच्या बाटल्यांची रांगच होती. सीटेन, म्हणजे डिझेल किती चटकन पेटतं त्याचा आकडा, तो वाढवणारी मी घेतली नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) डिझेलमध्ये सीटेन किमान ५१ असतोच. गंधक १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा) आणताना डिझेलचं वंगण कमी होतं हे खरं, पण त्याची भरपाई तेल कंपन्या आधीच करून देतात. ‘पाणी घालवणाऱ्या’ बाटल्यांपैकी काही तर पाण्याचे बारीक थेंब करून ते इंजिनातच पाठवतात. तळाला पाणी साचलेलं असताना ते डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या मुळावर येतं. मला हवं होतं बायोसाइड, म्हणजे जंतू मारणारं औषध.

आधी तळाचा कॉक उघडला. तपकिरी पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ डिझेल आलं. ते पाणी खाडीत ओतलं नाही, डब्यात भरून ठेवलं. पाणी ओळखायची पेस्ट लावून काठी तळापर्यंत घातली. रंग बदलला नाही, तेव्हा हातमोजे घालून लेबलवरचा मोठा डोस टाकला आणि वरून ताजं डिझेल भरलं, म्हणजे नीट मिसळतं.

खरी कटकट नंतरची, आणि बाटलीवर ती ठळक कुठेच लिहिलेली नव्हती. मेलेली घाण सुटून फिल्टरकडेच येते. म्हणून सुरुवातीला किनाऱ्याजवळच फिरलो, जादा फिल्टर बरोबर ठेवले. फिल्टर बदलला की हातपंप मारून लाइनीतली हवा काढायची, नाहीतर इंजिन उचलत नाही.

काकांचा सल्ला होता, थोडं रॉकेल घाल. रॉकेल पातळ, त्यात पंप कोरडा घासतो. काकांना अजून पटलेलं नाही.

यंदा बंदीआधीच टाकी जवळजवळ काठोकाठ भरली आणि छोटा डोस टाकला. पैसे अडकतात, डिझेलवरच्या कराचा परतावा येतो सावकाश, तरी बायकोने या खर्चाला नाक मुरडलं नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या वॉटर सेपरेटरचा तळ आता रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी उघडून बघतो.