तारण ठेवून कथा?

रविवार, रात्री उशिरा

बाबांना आज सांगून टाकलं, लेखनाचं मास्टर्स करायचं डोक्यात आहे म्हणून. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लिहायला शिकवतात होय? मग इतकी वर्षं दिवाळी अंकांत काय करत होतीस?" आई एकच बोलली, "परत आल्यावर नोकरी?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चहा टाकायला उठले.

इंग्लंड मी यादीतून काढलंय. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० पासून हा अभ्यासक्रम चालतो, नोबेल मिळालेला कादंबरीकार इशिगुरो तिथेच शिकला, सगळं खरं. पण वर्षभराची फी, राहणं-खाणं धरून तीस लाखांच्या पुढे जातं आणि एवढ्या कर्जाला बँक तारण मागणार. तारण म्हणजे हा फ्लॅट. इंजिनिअर झालेला पोरगा पगारातून हप्ते फेडतो. माझ्या मानधनातून स्कूटरचं पेट्रोलसुद्धा निघत नाही.

अमेरिकेतल्या एमएफएचं, म्हणजे तिकडच्या लेखनाच्या मास्टर्सचं, गणित जरा बरं आहे. आयोवा विद्यापीठाचं लेखकांचं वर्कशॉप १९३६चं, दोन वर्षांचं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या मिचनर सेंटरला तीन वर्षं, फी माफ, वर विद्यावेतन. घेतात मात्र वर्षाला जेमतेम डझनभर. इतर बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या नव्या पोरांना निबंधलेखन शिकवायचं आणि त्या बदल्यात फुकट शिकायचं.

पदवीवाचून माझं काही अडलेलं नाही. आपले कवीच बघा: अरुण कोलटकर जाहिरातीत होते, ढसाळांनी टॅक्सी चालवली. दिलीप चित्रे १९७५ साली आयोवाला गेले ते लेखकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमासाठी, त्यात पदवीचा प्रश्नच नव्हता. माझा जीव अडकलाय तो खर्डा वाचणाऱ्या माणसांत. आपल्याकडे कथा छापून येते नाहीतर साभार परत. मधलं कुणी बोलतच नाही.

तिकडच्या वर्गाची एक जुनी रीत आहे: कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. मागे मैत्रिणींना गोळा करून मी ते करून पाहिलं. कथा नवऱ्यापासून वेगळ्या होणाऱ्या बाईची. पण सगळ्या बोलत राहिल्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींबद्दल. कथेत त्या दोनदाच येतात. एकदा बाईच्या डब्यातलं लोणचं न विचारता काढून घेतात, एकदा वाळत घातलेली नवऱ्याची बनियन फरशी पुसायला वापरतात. "अगं, या मावशींना सगळं आधीच कळलंय!" एक ओरडली. हे मला ठाऊकच नव्हतं. गप्प बसून जिभेला कळ लागली, पण घरी येऊन पहिली चार पानं उडवली. असं दर आठवड्याला मिळणार असेल तर मी निबंध काय, पाढेसुद्धा शिकवीन.

फक्त तिथे ते इंग्रजीत होणार. मावशींचं बोलणं इंग्रजीत कसं उतरवायचं? शेवटी ठरवलं, फुकट शिकवणाऱ्या ठिकाणीच अर्ज करायचा आणि हीच कथा इंग्रजीत करून जोडायची. मावशींना तिकडच्यांनी ओळखलं तर जाईन. कर्ज मात्र काढणार नाही, हे बाबांना उद्या स्पष्ट सांगते, म्हणजे ते निदान पेपर तरी खाली ठेवतील.

अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रं लागतात. ऑफिसच्या साहेबांना विचारण्यात अर्थ नाही, मी लिहिते हेच त्यांना माहीत नाही. कॉलेजच्या सरांना फोन करायला हवा. ते आधी लग्नाचं विचारतील.