पीपीएफ पोस्टातून बँकेत नेताना

पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं १५ वर्षांच्या मुदतीचं बचत खातं, पोस्टातून बँकेत नेता येतं. खातं तेच राहतं, १५ वर्षांची मोजणी पहिल्यापासूनचीच चालू राहते. माझं खातं पेठेतल्या एका पोस्टात आणि राहायला आम्ही कोथरूडला. पैसे भरायला जाताना दर वेळी सम-विषम तारखेचं पार्किंग बघायचं, म्हणून हलवायचं ठरवलं. अर्ज, पासबुक, केवायसी, पोस्टातलं काम बिनबोभाट झालं.

घोडं अडलं पुढे. खात्याचा उतारा, मूळ अर्ज, सहीचा नमुना आणि शिलकेचा चेक असा सगळा गठ्ठा पोस्ट परस्पर बँकेच्या शाखेला पाठवतं, आपल्या हातात काही देत नाही. पोस्ट म्हणे, "आम्ही पाठवलं." बँक म्हणे, "आमच्याकडे आलंच नाही." बँकेतल्या मॅडम स्क्रीनवरची नजर न हलवता "पुढच्या आठवड्यात बघा" म्हणायच्या. इतक्या वर्षांची बचत ना इकडे ना तिकडे, आणि कोणालाच घाई नाही! शेवटी पोस्टातल्या काउंटरवरच्या काकांनी नोंदवही उघडून स्पीड पोस्टचा नंबर दिला. ट्रॅकिंग काढलं तर पाकीट केव्हाच पोचलेलं. प्रिंट मॅडमसमोर ठेवली, तेव्हा कुठे कपाटं उघडली. होम लोनच्या फायलींखाली पाकीट निघालं, न फोडलेलं. चेकची मुदत ३ महिन्यांची असते. तो शिळा झाला असता तर पुन्हा पोस्टापासून श्रीगणेशा.

तेव्हा तो नंबर पाकीट रवाना होईल त्याच दिवशी मागून घ्या. हो, आणि अर्ज देण्याआधी त्या वर्षाचे पैसे भरून टाका. वर्षाला किमान ५०० रुपये गेले नाहीत तर खातं खंडित होतं, वर ५० रुपये दंड. भरायचे तेही ५ तारखेच्या आत, कारण व्याज धरतात ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर.

आमचा मेहुणा म्हणतो, नव्या करप्रणालीत वजावट नाही, मग हा खटाटोप कशाला? दीड लाखापर्यंतची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते, खरं आहे. पण व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्हीकडे करमुक्त, शिवाय कर्जापायी कोर्टाला त्यावर जप्ती आणता येत नाही. म्हातारपणासाठी मला हे पुरेसं वाटतं.

नवं पासबुक हातात पडलं की आधी खातं उघडल्याची तारीख बघा. माझ्या पासबुकावर बदलीची तारीख छापली होती, म्हणजे १५ वर्षं पुन्हा पहिल्यापासून! "सिस्टीम घेत नाही," असं उत्तर मिळालं. मी खुर्ची सोडली नाही. मॅनेजर आले, आणि सिस्टीमने मुकाट्याने घेतली. वारसाच्या नावाची ओळही कोरी होती. तो फॉर्म मी तिथेच भरून पोच घेतली.