नववा एंड

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

ऑफिसात आज गुलाबांचा दिवस होता, मी मात्र जेवणाच्या सुट्टीत फिलिपिन्समध्ये अडकले. चीनमध्ये हार्बिनला आशियाई हिवाळी स्पर्धा आज संपल्या. तिथे पुरुषांच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासायचा त्या खेळाच्या, अंतिम सामन्यात फिलिपिन्सने दक्षिण कोरियाला ५-३ असं हरवलं. फिलिपिन्स! जिथे वर्षाचे बारा महिने पंखा फुल्लवर असतो. या स्पर्धेतलं त्यांचं हे पहिलंच पदक, आणि तेही एकदम सोन्याचं. वाटेत जपानला आणि खुद्द यजमान चीनला बाजूला सारून आले. महिलांमध्ये मात्र कोरियाच जिंकली, चीनला हरवून.

बातमी मोठ्याने वाचली, तर शेजारच्या टेबलावरून लगेच, ‘त्यांच्यातले बरेच जण स्वित्झर्लंडला वाढलेत, मग ते कसले फिलिपिनो?’ मी वाद घातला नाही. कोण मूळचा कुठला हे मुंबईत विचारायला बसलं तर आमचा मजला संध्याकाळपर्यंत रिकामा होईल.

झाडूचा विनोद मात्र सगळ्यांनी करून घेतला. ‘आमच्या बाईला पाठवू ऑलिम्पिकला’ वगैरे. हा विनोद जगात प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी टीव्हीवर यूट्यूब लावून २०१८ च्या प्यॉंगचांग ऑलिम्पिकचा पुरुषांचा अंतिम सामना बघितला, अमेरिका आणि स्वीडन. नानांना म्हटलं, बसा जरा. ते ‘पाच मिनिटं’ म्हणून बसले ते चहा गार होईपर्यंत उठले नाहीत.

नानांना खेळ फारसा समजावून सांगायला लागलाच नाही. जन्मभर मंडळाच्या खोलीत कॅरम खेळलेला माणूस. चौघांचा संघ, प्रत्येकाचे दोन दगड, दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक एंड संपला. असे दहा एंड. समोर बर्फावर रंगीत वर्तुळं काढलेली, त्यांच्या मध्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला दगड ठेवायचा. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड आत, तितके गुण, आणि गुण फक्त एकाच संघाला. एवढं सांगून होईपर्यंत नाना पुढे गेले होते. अमेरिकेच्या पहिल्या गड्याने दगड वर्तुळाच्या अलीकडेच सोडला तर मी म्हणणार होते की कमी पडला, तोवर नाना म्हणाले, ‘कमी नाही पडला. आडवा लावलाय. आता मागे लपवणार बघ.’ बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्या खरखरीवरून दगड सरकतो, हे सांगितलं तेव्हा ‘म्हणजे बोरिक पावडर’ एवढंच म्हणाले आणि मान डोलावली. दगडापुढे बर्फ घासला की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो, हे मात्र त्यांना पटायला वेळ लागला. सोडलेल्या स्ट्रायकरच्या मागून धावून त्याला वाट करून देणं त्यांना लबाडीच वाटली.

दगड सुमारे अठरा ते वीस किलोंचा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर आयल्सा क्रेग नावाचं एक निर्जन बेट आहे, ऑलिम्पिकचे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे. हा ग्रॅनाइट पाणी फारसं शोषत नाही, म्हणून बर्फावर राहून तडकत नाही. बेटावर समुद्रपक्ष्यांची वस्ती आहे, त्यामुळे तिथे सुरुंग लावत नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की पुरुषांचा आणि बायकांचा दगड एकाच वजनाचा, अंतर तेच, वर्तुळं तीच, एंडही दहाच. बायकांसाठी हलका दगड नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘कुठेच नसतो.’

एक डावपेच नाना दोनदा मागे नेऊन बघत बसले. एंडमधला शेवटचा दगड ज्याच्या हातात, त्याचा वरचष्मा. पण ज्याने गुण मिळवला त्याला पुढच्या एंडला हा शेवटचा दगड गमवावा लागतो. म्हणून एकच गुण पदरात पडणार असेल तर तोही घ्यायचा नाही. मुद्दाम सगळे दगड उडवून वर्तुळ मोकळं करायचं, शून्य लावून घ्यायचं आणि शेवटचा दगड आपल्याकडेच ठेवायचा. मी सकाळी सात अठ्ठावीसच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कोपर मारणारी बाई. समोर आलेला गुण नको म्हणणारी ही माणसं बघून मला त्यांचा हेवा वाटला, थोडा रागही आला.

आठव्या एंडला ५-५ अशी बरोबरी. जॉन शुस्टरने शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड एकाच फटक्यात बाहेर काढले आणि अमेरिकेला एकदम पाच गुण. नाना उठून उभे राहिले. हा शुस्टर सोची ऑलिम्पिकमध्ये नववा आला होता, त्यानंतर त्याला राष्ट्रीय प्रशिक्षणाच्या यादीतूनही वगळलं होतं. सामना १०-७ असा संपला. पदकं दिली ती आधी चुकीची दिली, त्यांच्यावर महिलांचं कर्लिंग असं कोरलेलं होतं! यावर आई हातातली परात खाली ठेवून हसली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळपासून काळाचौकीत ढोल, भगवे झेंडे, बाइकवाल्यांचे हॉर्न. दुपारी जरा शांत झाल्यावर नानांनीच विचारलं, ‘बायकांचा दाखवणार होतीस ना?’

२०२२ बीजिंग. ग्रेट ब्रिटन आणि जपान. ब्रिटनची कर्णधार ईव्ह म्युअरहेड, हिचं हे चौथं ऑलिम्पिक. उपांत्य फेरीत या बायकांनी स्वीडनला जादा एंडमध्ये १२-११ असं हरवलेलं. समोर सात्सुकी फुजिसावाचा जपान. आणि गंमत अशी की चार वर्षांपूर्वी, २०१८ ला, कांस्यपदकासाठी हेच दोन संघ भिडले होते. तेव्हा जपान ५-३ ने जिंकली, म्युअरहेडचा शेवटचा दगड फसला होता. हे मी नानांना आधीच सांगून टाकलं, त्यामुळे ते पहिल्या दगडापासून तिच्या बाजूने.

सातव्या एंडला ब्रिटनने चार गुण मारले आणि सामना तिथेच फिरला. नववा एंड संपला तेव्हा १०-३. मग फुजिसावा आणि तिच्या मुली पुढे आल्या, हात मिळवले, संपलं.

नाना म्हणाले, ‘एक एंड बाकी आहे ना?’

‘आहे. पण सोडला त्यांनी. सात गुणांनी मागे होत्या.’

‘एका एंडला आठ दगड त्यांचे. आठही आत बसले तर?’

‘नाना, कागदावर. तसं कुणाचं होत नाही.’

‘होत नाही म्हणजे नियमात नाही, का होत नाही म्हणजे होत नाही?’

मी सांगितलं की या खेळात हरलेला सामना ओढत बसणं शिष्टाचाराला धरून मानत नाहीत. आता जमणार नाही असं दिसलं की आपणहून जाऊन हात मिळवायचा. फाऊलसुद्धा आपला आपण सांगायचा. सरकणाऱ्या दगडाला आपला ब्रश लागला तर दुसऱ्या कुणी पाहिलं नसलं तरी बोलायचं. फाऊलचं ऐकून ते खूश झाले, कारण मंडळाच्या खोलीत फाऊल कबूल करून घ्यायला अर्धा तास आणि दोन साक्षीदार लागतात. हात मिळवण्याचं मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. टीव्हीवर पदकसमारंभ चालू होता. नाना त्याकडे न बघता म्हणाले, ‘आमचा संप अजून मागे घेतलेला नाही. ठाऊक आहे ना?’

ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार, पुढे डॉक्टर सामंत. संप संपला असं आजतागायत कुणी अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. मी तेव्हा दोन वर्षांची. नाना साचेखात्यात होते. भोंगा बंद झाला, मग कधीतरी गिरणी बंद झाली, मग तिथे काचेची इमारत उभी राहिली. नाना गावी गेले, परत आले, आणि पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या बिल्डिंगच्या दारात खुर्ची टाकून बसले. या घरात संपाविषयी बोलणं होतं ते असंच, दुसरं काहीतरी चालू असताना.

मी म्हणाले, आणि आता वाटतं की हे मी बरीच वर्षं म्हणायचं ठेवलं होतं, ‘सहा महिन्यांनी सोडला असता तर? कुणीतरी जाऊन हात मिळवला असता तर?’

नाना काही बोलायच्या आत आई आली. तिची खानावळ होती तेव्हा. गाळ्यातले पंचवीस-तीस जण जेवायला. संप लांबला तशी उधारीची वही भरत गेली, मग माणसं एकेक करून गावाला गेली आणि वही तेवढी राहिली. ती वही तिने कधी फाडली नाही, पण कुणाकडे मागितलंही नाही. संपाची किंमत या घरात कुणी मोजली असेल तर तिने. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, ‘हात मिळवायला समोर कोण आलं होतं?’

आणि टीव्हीचा आवाज कमी करून गेली.

रात्री लिहिताना तेच डोक्यात आहे. फुजिसावाचं हात मिळवणं मला आजही देखणं वाटतं. पण ते तिला परवडतं, कारण समोर हात पुढे करणारी म्युअरहेड आहे, आणि दोघींनाही माहीत आहे की पुढच्या हंगामात परत बर्फ आहे. २०१८ ला म्युअरहेड हरली, २०२२ ला त्याच जपानला हरवून सोनं घेऊन गेली. ब्रिटनचं त्या अख्ख्या ऑलिम्पिकमधलं ते एकमेव सोनं. हरल्यावर पुढचा सामना मिळणार असेल तर नवव्या एंडला थांबण्यात शहाणपण आहे. नानांच्या गिरणीला पुढचा हंगाम नव्हता. ज्याच्याकडे एकच सामना आहे, त्याने दहावा एंड का सोडावा? तरी मला हेही दिसतं की तो दहावा एंड खेळायचा खर्च आईच्या वहीतून झाला. या दोन गोष्टींची बेरीज मला जमत नाही. जमवायला बसलंच पाहिजे असंही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

भारत-पाकिस्तान, दुबईला. चाळीत एकेका दारातून एकच कॉमेंटरी, त्यातही कुणाचं प्रक्षेपण दोन सेकंद पुढे, त्यामुळे चौकार आम्हाला शेजारून आधी कळायचा. कोहलीचं शतक झालं, आपण सहा विकेट राखून जिंकलो, फटाके वाजले. गल्लीत कर्लिंगचं नाव काढलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

दोन डावांच्या मधल्या वेळात नानांनी हळूच विचारलं, ‘ते दगडवाल्यांचं आता पुढे कधी?’

मी बघून ठेवलं होतं. महिलांची जागतिक स्पर्धा १५ मार्चपासून दक्षिण कोरियात उइजोंगबूला. तेरा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. पुरुषांची वेगळी, त्यानंतर कॅनडात मूस जॉला. म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून गावं तेवढी वेगळी.

‘आणि एक सापडलं,’ मी म्हणाले. ‘वाटेल तेव्हा सोडता येत नाही. दहा एंडांच्या सामन्यात निदान सहा तरी खेळावेच लागतात.’

‘सहा?’

‘सहा.’

नानांनी यावर बराच विचार केला. ‘मालकांनीच केला असणार हा नियम,’ म्हणाले, ‘तिकिटं विकलेली असतात ना.’ मग उठून कालनिर्णयचं पान उलटलं आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, गॅसच्या नोंदीखाली, लाल पेनाने ‘दगड’ असं लिहून ठेवलं. आईने विचारलं, हे काय आणि, तर म्हणाले, दहाच्या दहा बघणार आहे, जेवण लवकर कर.