व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का? माझे सात आठवडे ज्यात गेले तो प्रश्न

वजन उतरवायचं म्हणून कॅलरी मोजायचं ॲप घेणं, वजनकाटा आणणं, खाल्लेलं लिहून ठेवायची सवय लावणं, यातलं काहीच मला जड गेलं नाही. म्हणून त्यावर लिहीत नाही. लिहायचंय ते ॲपच्या सुरुवातीच्या फॉर्ममधल्या एका प्रश्नाबद्दल. त्या प्रश्नापायी माझे सात आठवडे गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

तेव्हा माझं वय ३८, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७६ किलो. काम दिवसभर खुर्चीत बसून. आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी ५० मिनिटं भरभर चालायला जात होते. फॉर्ममध्ये प्रश्न आला, तुम्ही किती सक्रिय आहात? पर्याय चार: बैठं काम, थोडे सक्रिय, मध्यम सक्रिय, खूप सक्रिय. ‘मध्यम सक्रिय’च्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आठवड्यातून ३ ते ५ दिवस व्यायाम. मी पाच दिवस चालते, मग प्रामाणिकपणे तोच पर्याय निवडला. ॲपने रोजचं लक्ष्य दिलं १६८४ कॅलरी, आणि हे लक्ष्य ५०० कॅलरींची तूट धरून, म्हणजे रोजच्या खर्चापेक्षा ५०० कमी खाणं धरून, काढल्याचंही सांगितलं.

चालून आले की मनगटावरच्या घड्याळातला आकडा आपोआप ॲपमध्ये जायचा. बहुतेक दिवस ३४० च्या आसपास. लगेच ‘आज उरलेल्या कॅलरी’ ३४० ने वाढायच्या. मी त्या खायचे. चोरून नाही, हावरटपणे नाही, नोंद करून खायचे. ॲप स्वतःच सांगतंय की एवढं शिल्लक आहे, तर न खाण्याचं कारणच काय?

सात आठवडे काटा हलला नाही. ७६.२, ७५.७, ७६.४, ७५.९ असाच खेळत राहिला. मी डॉक्टरांकडे गेले, थायरॉइडची तपासणी केली. ती व्यवस्थित आली. घरातले म्हणाले, “तू काहीतरी लिहायचं विसरत असशील.” हे ऐकून फार लागलं, पण बोलणं अगदीच निराधार नव्हतं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. काही केल्या वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च त्यात प्रत्यक्ष मोजला होता. ती माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते वाचून मी आठवडाभर प्रत्येक गोष्ट वजन करून खाल्ली, तेलसुद्धा. चूक निघाली, पण थोडी, आणि तीही बरीचशी तेलातच. पाचशेची तूट गिळून टाकेल एवढी ती नव्हती.

ॲपच्या मदत विभागाला सविस्तर लिहिलं. माझे आकडे दिले आणि विचारलं की व्यायाम दोन ठिकाणी मोजला जातोय का. तीन दिवसांनी उत्तर आलं, “व्यायाम नोंदवल्यावर त्या कॅलरी तुमच्या रोजच्या लक्ष्यात मिळवल्या जातात.” अहो, ते तर मला दिसतच होतं! पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

शेवटी एका रात्री कागद घेऊन बसले. हे गणित मी सगळं देते आहे, कारण असं कोणीतरी मांडून दाखवलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

बहुतेक ॲप १९९० च्या मिफ्लिन–सेंट जिओर सूत्राने हिशोब करतात. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. मग बायकांसाठी आणखी १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. माझे येतात १४०९. दिवसभर नुसतं पडून राहिले तरी शरीर चालू ठेवायला एवढ्या कॅलरी लागतात. याला सक्रियतेच्या आकड्याने गुणतात. बैठ्या कामाला १.२, थोड्या हालचालीला १.३७५, मध्यमला १.५५, खूप सक्रियला १.७२५.

१४०९ गुणिले १.२ म्हणजे १६९१. १४०९ गुणिले १.५५ म्हणजे २१८४. त्यातून ५०० गेले की राहतात १६८४, म्हणजे माझं लक्ष्य. दोन पर्यायांत ४९३ कॅलरींचा फरक आहे. ‘मध्यम सक्रिय’ निवडल्याबरोबर हे ४९३ रोजच्या रोज माझ्या खात्यात जमा झाले होते, न चाललेल्या दोन दिवशीसुद्धा. ते दिले होते कशाबद्दल? व्यायामाबद्दलच. आणि वर संध्याकाळी पुन्हा ३४०.

मग चालण्याचा खरा खर्च काढला. त्यासाठी मेट नावाचं माप वापरतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, साधारण किलोमागे तासाला एक कॅलरी. ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास सपाटीवर चालणं ४.३ मेटचं धरलं जातं. माझ्या ७६ किलोला ५० मिनिटांचे झाले २७२. पण यातला १ मेट मी सोफ्यावर बसले असते तरी खर्च झालाच असता, आणि तो दिवसाच्या हिशोबात आधीच धरलेला आहे. तो काढला की चालण्याने जास्तीचे जळले २०९. घड्याळाच्या ३४० पैकी २०९! आठवड्यातले पाच दिवस सातांत वाटले तर दिवसाला १४९.

आता बेरीज. माझा दिवसाचा खर्च १६९१ अधिक १४९, म्हणजे १८४०. ॲपचं ऐकून मी खात होते ते १६८४ अधिक घड्याळाच्या कॅलरींची रोजची सरासरी २४३, म्हणजे १९२७. ॲप मला रोज पाचशेची तूट दाखवत होतं आणि कागदावर तूट नव्हतीच, उलट ८७ जास्त होते. सूत्रं शेवटी अंदाजाचीच असतात, पन्नास-शंभर इकडेतिकडे होतात. तरी काटा जागेवर का बसलाय हे मला पहिल्यांदाच कळलं. त्या रात्री मी रडले, आणि ते सुटल्याचं रडणं होतं. माझ्या शरीरात काही बिघाड नव्हता, माझी नोंदवही खोटी नव्हती.

राग येतो तो यासाठी की त्या पर्यायाखाली एक ओळ पुरली असती: ‘हा पर्याय निवडलात तर व्यायाम वेगळा नोंदवू नका.’ तीन ते पाच दिवस व्यायाम करणाऱ्या बाईने ‘बैठं काम’ निवडायचं हे तिला कसं सुचणार? काही ॲपमध्ये हा प्रश्न फक्त नोकरी-कामाच्या हालचालीबद्दल असतो आणि व्यायाम नंतर वेगळा मिळवतात. काहींमध्ये व्यायामही त्यातच धरलेला असतो. दोन्हीकडे प्रश्नाचे शब्द जवळजवळ सारखेच. ओळखायची खूण अशी: पर्यायाच्या वर्णनात व्यायामाचे दिवस लिहिलेले असतील तर व्यायाम त्यात आलाच आहे, परत खायचा नाही. नुसतं ‘दिवसभर उभं राहून काम’ असं काही असेल तर तो वेगळा मोजायला हरकत नाही. आणि घड्याळ जोडलेलं असताना हातानेही चालणं नोंदवत असाल, तर तीच कॅलरी तिसऱ्यांदा मोजली जातेय का ते आधी पाहा.

घड्याळाबद्दल आणखी थोडं. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहा उपकरणांनी चांगले मोजले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरी मात्र एकालाही धड मोजता आल्या नाहीत. सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३ टक्के. तेव्हापासून मी घड्याळ ठोक्यांसाठी वापरते. कॅलरीचा आकडा समोर दिसला की हात खाण्याकडे जातो, म्हणून तो पडद्यावरून काढूनच टाकला.

यानंतर मी चूक केली ती उलट्या बाजूची. रागाच्या भरात ठरवलं की व्यायामाचं एकही कॅलरी परत खायचं नाही, कधीच नाही. रोजच्या चालण्याला ते जमलं. पण त्याच सुमारास मी रविवारी सायकलवर दोन-दोन तास जायला लागले होते. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी डोकं ठणकत होतं, कारण नसताना घरच्यांवर ओरडले, रात्री अकराला समोर दिसेल ते खाल्लं आणि पहाटेपर्यंत झोप नाही. पुढचे दोन दिवस चालतानाही पाय ओढत होते.

ही नुसती मनाची कमजोरी नव्हती, हे नंतर वाचून समजलं. व्यायामाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या बाकी कामांसाठी किती ऊर्जा उरते, हे चरबी वगळून उरलेल्या वजनामागे मोजतात. किलोमागे ३० कॅलरींच्या खाली बरेच दिवस राहिलं तर हार्मोन्स, मासिक पाळी, हाडं यांना त्रास होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या अशा ऊर्जेच्या कमतरतेला नाव देऊन सविस्तर निवेदन काढलं होतं. माझं चरबी वगळून वजन ४६ किलो धरलं, तर त्या रविवारी खाणं १५२५, सायकलचा खर्च साधारण ८७०, उरले ६५५. किलोमागे १४. एखाद्या दिवसाने बिघडत नाही, पण मी ते दर आठवड्याला करायला निघाले होते. पाळी पुढे जायला लागली, सतत थंडी वाजायला लागली, जखमा भरायला वेळ लागायला लागला तर कॅलरींचा वाद बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.

आता माझा नियम असा आहे. रोजचं ठरलेलं चालणं परत खायचं नाही, कारण ते माझ्या रोजच्या लक्ष्यातच धरलेलं आहे. तासापेक्षा जास्त चाललेल्या, नेहमीच्या बाहेरच्या व्यायामाचं निम्मं खायचं. घड्याळ सायकलचे ११८० सांगतं, मी सहाशेच्या आसपास खाते, तेही शक्यतो व्यायामाच्या आधी आणि लगेच नंतर. रात्रीसाठी राखून ठेवलं की त्याचे हजार होतात.

हे १५२५ आले कुठून ते सांगायचं राहिलं. सूत्र सोडून दिलं आणि माझ्याच नोंदींवरून काढलं. रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी घ्यायची. एकेका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीरातला साखरेचा साठा) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, त्यामुळे एका मोठ्या जेवणाने काटा किलोभर वर जाऊ शकतो. नवा जोरदार व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरल्यानेही वजन वाढलेलं दिसतं. चालणं नेहमीसारखं ठेवून, काही परत न खाता, मी रोज सरासरी १६५० खात राहिले. पहिल्या आठवड्याची सरासरी पाचव्या आठवड्याशी ताडली. (चौथ्याशी नाही. आधी मी तिथेच चुकले होते, मधे २१ दिवसच पडतात.) २८ दिवसांत बरोबर एक किलो कमी झालं होतं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात, भागिले २८ म्हणजे रोजचे २७५. म्हणून माझा खरा खर्च १६५० अधिक २७५, म्हणजे १९२५, चालणं धरून. त्यातून चारशे कमी केले.

या पद्धतीत घड्याळ किती फुगवतं, सूत्र किती चुकतं, नोंदीत माझं तेल किती निसटतं, हे सगळं आपोआप सामावतं. आणखी एक गोष्टही सामावते. हर्मन पाँट्झर हे मानववंशशास्त्रज्ञ २०१२ पासून सांगत आले आहेत की हालचाल वाढली तरी एकूण खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर दुसरीकडे काटकसर करतं. माझ्यापुरतं सांगायचं तर सायकलच्या दिवशी उरलेली दुपार मी लोळून काढते, जिने टाळते. घड्याळाला ते वजा करता येत नाही, काट्याला येतं.

वजनं उचलण्याच्या व्यायामाचं मात्र काहीच परत खात नाही. तो मी स्नायू टिकावेत म्हणून करते, आणि तिथे मनगटावरून काढलेल्या कॅलरींवर मी अजिबात विसंबत नाही.

ॲप अजून वापरते. लक्ष्य हाताने टाकलंय, घड्याळाची जोडणी बंद. वजन सध्या ७१.३ वर आहे. हलक्या शरीराला चालायलाही कमी लागतं, म्हणून १९२५ चा आकडा आता जुना झाला. सोमवारपासून पुन्हा २८ दिवसांची नोंद धरली आहे.