शनिवारची सुट्टी

भुसावळच्या आमच्या शिवणवर्गात ती आली तेव्हा हातात एकच पिशवी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली, माहेर अलिबागकडचं. नवऱ्याच्या मारातून सुटून इथे मावशीकडे आलेली. टायपिंगचं प्रमाणपत्र सासरच्या कपाटात अडकलेलं. मला विचाराल तर कामाआधी कागद हवेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम 19 खाली, आपल्या हक्काची वस्तू परत मागता येते. अर्जाला संरक्षण अधिकारी मदत करतात. चार खेपा झाल्या, मग मिळालं.

नोकरी मात्र शनिवारवर अडायची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा पवित्र दिवस. "ताई, रविवारी येईन ना मी," ती जिथेतिथे सांगायची. शेवटी एक वकीलसाहेब हो म्हणाले.

पहिल्या पगारातून तिने कुलूप घेतलं, स्वतःच्या ट्रंकेला. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते.